नागपूर परिसरातील झिंगा संवर्धन: एकत्र यायचे ते नेमके कशासाठी?

नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील काही मच्छीमार सहकारी संस्था आपापल्या तलावांत कटला, रोहूबरोबर गोड्या पाण्यातील मोठ्या झिंग्याचे बीज सोडतात. एखाद्या वर्षी माल चांगला निघतो, पुढच्या वर्षी बियाण्याचा खर्चही वसूल होत नाही. आता या संस्थांनी एकत्र येऊन मोठे काम उभारावे, असा विचार सुरू आहे. कोणी नागपूरजवळ स्वतःचे बीजोत्पादन केंद्र काढा म्हणतो, तर कोणी व्हॅनामेई हा परदेशी झिंगा आणा म्हणतो. या परिस्थितीत संस्थांनी कोणत्या कामात एकत्र यावे आणि हा व्यवसाय तलावाला, गावाला व बाजाराला दीर्घकाळ झेपेल असा कसा करावा, असे एका संस्थेच्या सचिवांनी विचारले आहे.

माझे मत असे की एकत्र जरूर यावे, पण सगळ्याच गोष्टींत नाही. तलावाची राखण, जाळी, डोंगे, मजुरी आणि सभासदांतील वाटप या बाबी ज्या त्या संस्थेच्याच हाती राहाव्यात, कारण प्रत्येक तलावाचा स्वभाव वेगळा असतो आणि तो त्या गावातल्या ढिवर मच्छीमारांइतका कोणालाही कळत नाही. मात्र बियाणे, रोगावरील नजर, वरच्या अंगाच्या शेतांतून येणारे पाणी आणि विक्री या चार ठिकाणी एकटी संस्था कितीही कष्टाळू असली तरी हतबल असते. सहकार्याची सगळी शक्ती याच चार ठिकाणी लावली पाहिजे. मी पाहिलेले बहुतेक संयुक्त प्रयत्न उलट क्रमाने सुरू झाले. आधी कार्यालय, गाडी आणि पदाधिकारी ठरले, आणि बियाणे कोठून व केव्हा येणार हा प्रश्न जुलै उजाडल्यावर निघाला.

बियाण्यापासूनच सुरुवात करू, कारण या प्राण्याचा जीवनक्रमच आपल्याला इतरांवर अवलंबून ठेवतो. मोठा झिंगा वाढतो गोड्या पाण्यात, परंतु त्याच्या अळ्या गोड्या पाण्यात काही दिवसांपलीकडे जगत नाहीत. मादी पोटाखाली अंडी घेऊन सुमारे तीन आठवडे फिरते. अंडी नारिंगी रंगाची असतात आणि फुटण्याच्या सुमारास राखाडी होतात. त्यांतून निघालेल्या अळीला सुमारे १२ पीपीटी (लिटरमागे १२ ग्रॅम क्षार) खारटपणाचे, म्हणजे समुद्राच्या साधारण एक तृतीयांश खारे पाणी आणि २८ ते ३१ अंश सेल्सिअस तापमान लागते. अकरा अवस्था ओलांडून तिचे बीज व्हायला साधारण २५ ते ३५ दिवस जातात. हे कोडे मलेशियात शाओ-वेन लिंग यांनी १९६१ च्या सुमारास उलगडले, त्यानंतर हवाईमध्ये ताकुजी फुजिमुरा यांनी मोठ्या प्रमाणावर बीज तयार करण्याची पद्धत बसवली, आणि तेव्हाच हा व्यवसाय जगभर शक्य झाला. नदीत हे सारे खाडीच्या तोंडाशी घडते. नागपूरला खाडी नाही, म्हणून आपल्या तलावातील प्रत्येक झिंग्याचे बालपण किनाऱ्यावरच्या कोणाच्या तरी टाकीत गेलेले असते.

मग बीजोत्पादन केंद्र नागपुरातच का काढू नये? तांत्रिकदृष्ट्या ते अशक्य नाही. समुद्राचे ३६ पीपीटीचे एक घनमीटर पाणी आणले तर त्यापासून १२ पीपीटीचे तीन घनमीटर पाणी होते. मिठागरातील १२० पीपीटीचे तीव्र खारे पाणी आणले तर त्याच एका घनमीटरचे दहा घनमीटर होतात, आणि जैविक गाळणीतून फिरवून तेच पाणी पुन्हा वापरता येते. देशातील काही भूवेष्टित केंद्रे अशाच रीतीने चालली आहेत. अडचण पाण्याची कमी आणि माणसांची अधिक आहे. अळ्यांना दिवसातून अनेकदा खाद्य द्यावे लागते, त्यांचे जिवंत खाद्य असलेला आर्टेमिया हा सूक्ष्म जीव रोज उबवावा लागतो, अमोनिया आणि नायट्राइट नियमित तपासावे लागतात, आणि एका रात्री वीज गेली व जनरेटर सुरू झाला नाही तर महिन्याचे काम सकाळी पांढरे होऊन तळाशी पडलेले दिसते. वर्षातून दोन-तीन महिने चालणाऱ्या केंद्रासाठी असे कसलेले तंत्रज्ञ बारा महिने पोसणे संस्थांना परवडत नाही. म्हणून पहिली काही वर्षे केंद्राचा विचार बाजूला ठेवावा आणि तोच पैसा संगोपन तळ्यांत, म्हणजे बीज थोडे मोठे करण्याच्या तळ्यांत, घालावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

याचे कारण आपल्या हवामानात आहे. पाण्याचे तापमान २० अंशांच्या खाली गेले की झिंगा खाणे कमी करतो व वाढ जवळजवळ थांबते, आणि १४ अंशांच्या आसपास मरतूक सुरू होते. पूर्व विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उथळ तलाव या धोक्याच्या पट्ट्यात सहज येतात. शिवाय बहुतेक मामा (माजी मालगुजारी) तलावांचे पाणी ऑक्टोबरात धानाला सुटते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत तळ दिसू लागतो. मृगात पाणी यायला लागते, म्हणजे तलावात झिंग्याला मिळणारे खरे दिवस जुलैच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचे, जेमतेम पाच महिने. ०.०१ ग्रॅमचे बीज थेट तलावात सोडले तर त्यातले बरेचसे मरळ, बाम आणि पाणकिड्यांच्या पोटात जाते, आणि जे उरते ते थंडी येईपर्यंत विकण्याजोगे होत नाही. तेच बीज ४५ ते ६० दिवस वेगळ्या तळ्यात वाढवून एक ते दोन ग्रॅमचे करून सोडले, तर जगण्याचे प्रमाणही वाढते आणि हंगामही पुरतो. एखाद्या वर्षी माल निघतो आणि एखाद्या वर्षी नाही, याचे सर्वांत मोठे कारण मला हेच दिसते. दैवाचा त्यात फारसा भाग नाही.

संगोपनासाठी नवी सिमेंटची टाकी बांधण्याची गरज नाही. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांच्या वर असलेल्या बोड्या या कामासाठी उत्तम आहेत, फक्त ज्यांना विहिरीचे किंवा बोअरचे पाणी आहे अशाच निवडाव्यात. बोडी पूर्ण आटवावी, तळ भेगाळेपर्यंत वाळू द्यावा, मातीचा सामू पाहून चुना टाकावा, पाणी बारीक जाळीतून गाळून घ्यावे आणि किमान सव्वा मीटर खोली राखावी. येथे एक मोठी अडचण येते. जुलैच्या मध्याला दोन ग्रॅमचे पिल्लू हवे असेल तर बीज मेच्या अखेरीस आले पाहिजे, आणि त्या वेळी नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. म्हणून बोडीच्या निदान अर्ध्या भागावर शेडनेट ताणावे, फांद्या व जुनी जाळी टाकून आसरे करावेत, कारण कात टाकलेला झिंगा काही तास अगदी मऊ असतो आणि आसरा नसेल तर त्याचेच भाऊबंद त्याला खातात. दुपारी पाण्याचा सामू ९ च्या पुढे जाऊ लागला तर खत थांबवून ताजे पाणी द्यावे. अशी तीन-चार बोड्यांची मिळून एक संगोपन जागा पाच-सहा संस्थांना पुरते. ती चालवण्याचे काम एखाद्या महिला बचत गटाला पिल्लामागे ठरलेल्या दराने दिले तर निगा चांगली राहते, कारण दिवसातून तीनदा खाद्य टाकून तबकात किती उरले हे पाहणे हे चिकाटीचे काम आहे.

आता मागणीपत्राचा विचार करा. २० हेक्टर पाणी असलेली एक संस्था कटला-रोहूबरोबर हेक्टरी ५,००० पिल्ले सोडते असे धरले तर तिला एक लाख पिल्ले लागतात. एवढ्यासाठी किनाऱ्यावरचे कोणतेही केंद्र तुमच्या सोयीची तारीख पाळणार नाही. मोठ्या ग्राहकाला देऊन उरलेले बीज तुमच्या वाट्याला येते, आणि उरलेले बीज बहुधा अशक्त किंवा उशिराचे असते. दहा संस्थांनी मिळून दहा लाख पिल्लांची मागणी, आणि संगोपनातील घट धरून त्याहून बरेच अधिक बीज, जानेवारीतच लेखी व काही आगाऊ रकमेसह नोंदवले, तर केंद्र तुमच्यासाठी मादीसाठा राखून ठेवते, अळ्यांची एक खेप स्वतंत्र वाढवते आणि पाठवण्यापूर्वी तपासणीचा अहवाल देण्याची अट मान्य करते. माझ्या दृष्टीने प्रादेशिक सहकार्याचा पहिला आणि सर्वांत ठोस फायदा हाच आहे. त्यासाठी इमारत लागत नाही. एक वही, एक बँक खाते आणि दिलेला शब्द पाळणारे दहा सचिव पुरतात.

बीज आणतानाही एकत्र आणावे. दुहेरी पिशवीत एक भाग पाणी व दोन भाग प्राणवायू, पाणी २२ ते २४ अंशांपर्यंत थंड केलेले आणि प्रवास रात्रीचा, ही पथ्ये सर्वांना माहीत आहेत. पण पाच संस्थांच्या पाच छोट्या गाड्यांपेक्षा एकच उष्णतारोधक गाडी स्वस्तही पडते आणि सुरक्षितही. पोहोचल्यावर पिशव्या बोडीच्या पाण्यात तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि मगच सोडावे. त्या शेवटच्या तासात घाई झाली तर सारा प्रवास वाया जातो.

बियाण्याच्या वंशाकडे आणि रोगाकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, ते आंध्र प्रदेशाने दाखवून दिले आहे. २००५-०६ मध्ये भारताचे या झिंग्याचे उत्पादन ४२ हजार टनांच्या पुढे गेले होते. २००९-१० पर्यंत ते साडेसहा हजार टनांच्या आसपास घसरले. पांढऱ्या शेपटीचा रोग आणि एकाच कुळातील माद्या पिढ्यान्‌पिढ्या वापरल्याने खुंटलेली वाढ, ही दोन्ही कारणे एकमेकांत मिसळली होती, आणि त्यानंतर व्हॅनामेईची लाट आली. पांढऱ्या शेपटीचा रोग विषाणूजन्य आहे. तो संगोपनातल्या पिल्लांना धरतो, शेपटीचे मांस दुधाळ होते आणि काही दिवसांत जवळजवळ सगळी खेप जाते. मोठे झिंगे मात्र वरून निरोगी दिसतात आणि विषाणू पुढे देत राहतात. औषध नाही, त्यामुळे बाधित बीज दारातच अडवणे हाच इलाज उरतो. वंशाच्या बाजूने भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने, म्हणजे सीफाने, गुजरात, केरळ आणि ओडिशा येथील साठ्यांचा संकर करून निवड पद्धतीने सुधारित वाण तयार केला आहे. तो ‘सीफा-जीआय स्कॅम्पी’ या नावाने ओळखला जातो. संयुक्त मागणी नोंदवताना मादीसाठा कोठून आणला आणि किती वर्षांपूर्वी बदलला, हे केंद्राला विचारलेच पाहिजे. उत्तर देण्यास टाळाटाळ करणारे केंद्र स्वस्त असले तरी सोडून द्यावे.

तपासणीच्या बाबतीत नागपूरची स्थिती अनेक जिल्ह्यांपेक्षा चांगली आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ इथेच आहे आणि त्याचे मत्स्य विज्ञान महाविद्यालयही इथेच आहे. जलचरांच्या रोगांवर देशपातळीवर नजर ठेवणारा कार्यक्रम २०१३ पासून लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या समन्वयाने चालतो. संस्थांच्या गटाने या व्यवस्थेशी लेखी संबंध जोडावा, प्रत्येक खेपेचा नमुना बोडीत सोडण्यापूर्वी पीसीआर तपासणीसाठी द्यावा आणि त्याचा खर्च पिल्लाच्या दरातच धरावा. याहून कठीण काम माणसांचे आहे. एखाद्या तलावात मरतूक दिसली की पहिली प्रवृत्ती ती लपवण्याची असते, कारण बातमी फुटली तर व्यापारी भाव पाडेल, ही भीती असते. तोवर तीच जाळी आणि तेच डोंगे शेजारच्या तलावात गेलेले असतात. म्हणून करारात दोन्ही बाजू लिहाव्यात: मरतूक दिसल्यापासून एका दिवसात गटाला कळवणे बंधनकारक, आणि जी संस्था वेळेवर कळवेल तिच्या पुढील वर्षाच्या बियाण्याचा काही भाग सामायिक निधीतून दिला जाईल. प्रामाणिकपणाची किंमत एकट्या संस्थेने मोजायची असेल तर कोणीही कळवणार नाही.

यानंतरचा विषय आहे धान. झिंगा आणि कीटक हे एकाच मोठ्या संघातले, संधिपाद प्राणी आहेत. त्यामुळे किडीच्या मज्जासंस्थेवर घाव घालणारे औषध झिंग्यावरही तितकाच घाव घालते. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधे माशाला न जाणवणाऱ्या मात्रेतही झिंग्याला मारतात. पूर्व विदर्भात गादमाशी, खोडकिडा आणि तुडतुड्यांसाठी फवारणी होते ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, म्हणजे नेमकी झिंगा वाढत असताना, आणि वरच्या बांध्यांतले पाणी पावसाबरोबर तलावातच उतरते. मासे ठणठणीत आणि झिंगे मात्र काठाला येऊन मेलेले, असे दृश्य दिसले तर आधी वरच्या शेतात मागच्या दोन-तीन दिवसांत काय फवारले गेले याची चौकशी करावी. (आपलेच काही सभासद माशांच्या अंगावरच्या उवांसाठी हीच औषधे तलावात टाकतात. मिश्र संवर्धनात ते कटाक्षाने टाळले पाहिजे.) यावर उपाय एकट्या मच्छीमार संस्थेच्या हाती नाही. कृषी सहायक, पाणी वापर संस्था आणि वरच्या अंगाचे शेतकरी यांच्याशी रोवणीपूर्वी बसून काही साध्या गोष्टी ठरवता येतात. तलावाला लागून असलेल्या पट्ट्यात निंबोळी अर्क किंवा प्रकाश सापळे वापरावेत, फवारणीनंतर निदान काही दिवस बांधीचे पाणी बाहेर सोडू नये, फवारणीचे पंप तलावात धुऊ नयेत. शेतकरी हे फुकट का करतील, हा प्रश्न रास्त आहे. काही ठिकाणी संस्थेने पाळीवरची व नहराच्या तोंडाची साफसफाई स्वतःकडे घेतली आणि बदल्यात हे नियम मिळवले. अशी देवाणघेवाण सरकारी परिपत्रकापेक्षा जास्त टिकते.

पाण्याच्या प्रमाणाचा करारही याच बैठकीत व्हावा. मामा तलाव मूळचे सिंचनासाठी बांधलेले आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपून तलाव शासनाकडे आले, तरी गावाचे निस्तार हक्क (तलावाच्या वापराचे पारंपरिक हक्क) कायम राहिले, आणि आजही १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. धानाला शेवटचे पाणी देणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, त्याला मच्छीमारांनी विरोध करू नये. मागणी एवढीच करावी की पाळीजवळच्या खोल भागात मीटर-दीड मीटर पाणी डिसेंबरच्या मध्यापर्यंत राखले जाईल. गाळ काढताना सगळा तलाव थोडाथोडा खरवडण्याऐवजी हा खोलवा केला आणि काठावरची बेशरमाची झुडपे मुळासकट काढून त्या जागी हायड्रिला, व्हॅलिस्नेरियासारख्या देशी पाणवनस्पती येऊ दिल्या, तर झिंग्याला आसरा मिळतो, नैसर्गिक खाद्य मिळते आणि छोट्या स्थानिक झिंग्यांची व माशांची पैदासही परत सुरू होते. ढिवर स्त्रिया हातजाळीने जे बारीक झिंगे पकडून वाळवतात, त्यांची मिळकत हिशेबाच्या वहीत दिसत नाही, पण घर त्यावर चालते. मोठ्या झिंग्यासाठी तलाव ‘साफ’ करण्याच्या नादात ही मिळकत बुडवणारी योजना शाश्वत म्हणता येणार नाही.

व्हॅनामेईबद्दल मी सावध आहे. तो खाऱ्या पाण्याचा परदेशी झिंगा आहे. भारतात २००९ पासून त्याच्या संवर्धनाला परवानगी आहे, आणि हरियाणा, पंजाब व राजस्थानात जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर त्याचे संवर्धन होते. त्यामुळे अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्याकडे पाहून अनेकांना तो मोह होतो. परंतु अशा भूजलात सहसा पोटॅशियम कमी असते आणि ते बाहेरून घालावे लागते. त्याहून गंभीर प्रश्न काढणीनंतरच्या खाऱ्या पाण्याचा आहे. ते नाल्यात सोडले तर शेजाऱ्याचे शेत जाते. किनाऱ्यावरील अशाच तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि डिसेंबर १९९६ च्या निकालाने कोळंबी शेतीवर कठोर बंधने आली. पुढे २००५ चा किनारी जलकृषी प्राधिकरण कायदा झाला, पण त्याचा अधिकार किनारपट्टीपुरता आहे. खारपाणपट्ट्यात ज्यांना प्रयोग करायचा असेल त्यांनी मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवानगीने, अस्तर घातलेल्या आणि बाहेर एक थेंबही न सोडणाऱ्या तळ्यांत करावा. नागपूर-भंडाऱ्याच्या गोड्या, सिंचनाच्या तलावांत व्हॅनामेईला जागा नाही.

याउलट एक गोष्ट आपल्या नदीतच आहे. गोदावरी खोऱ्यातला स्थानिक झिंगा, शास्त्रीय नावाने मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी, वैनगंगा-प्राणहितेच्या पाण्याशी जुळलेला आहे. तो आकाराने मोठ्या झिंग्यापेक्षा लहान राहतो, पण बाजारात खपतो. त्याच्याही अळ्यांना किंचित खारे पाणी लागते, म्हणून पिल्लांना खालून वर यावे लागते, आणि वाटेतल्या धरणांनी व बंधाऱ्यांनी तो रस्ता ठिकठिकाणी अडवला आहे. महाराष्ट्र, तेलंगणा आणि आंध्र प्रदेश यांच्या मत्स्य विभागांनी मिळून नदीत पिल्ले सोडणे, विणीच्या काळात पकड बंद ठेवणे आणि नवीन बंधाऱ्यांत वर चढायला मार्ग ठेवणे हे करायला हवे. खरे प्रादेशिक सहकार्य इथे लागते. संस्थांच्या गटाला हे करता येणार नाही, पण मागणी मांडता येईल आणि त्यासाठी दरवर्षी कोठे किती झिंगे मिळाले याची नोंद ठेवता येईल. अशी नोंद आज जवळजवळ कोणाकडेच नाही.

जागेच्या निवडीबाबत थोडक्यात सांगतो. शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. तळाशी राहून गाळातले खाद्य खाणारा प्राणी अशा पाण्यात वाढवून विकू नये, आणि गाळून खाणाऱ्या शिंपल्यांना तर हे अधिकच लागू आहे. शिंपल्यांतील मोतीशेतीबद्दलही विचारणा होते. नदीतले शिंपले पोत्यांनी उपसून आणणारा आणि ‘मोती आम्हीच विकत घेऊ’ असे सांगून आगाऊ पैसे मागणारा कोणीही भेटला, तर त्याच्याशी व्यवहार करू नये.

विक्रीत एकत्र येण्याचा फायदा मोठा आहे, पण त्याची मर्यादाही ओळखावी. थंडीमुळे सगळ्यांचा माल एकाच वेळी, डिसेंबरच्या सुरुवातीला निघतो आणि नागपूरच्या बाजारात भाव पडतो. हे टाळण्याचा मार्ग झिंग्याच्या स्वभावातच आहे. एकाच वयाच्या नरांत निळ्या नांगीचे थोराड, नारिंगी नांगीचे वाढते आणि खुरटलेले लहान असे तीन प्रकार पडतात. थोराड काढून घेतले की मागचे वाढू लागतात. म्हणून ऑक्टोबरपासून दर दोन आठवड्यांनी मोठ्या आसाच्या जाळ्याने निवडक पकड करावी आणि संस्थांनी आपसांत वार वाटून घ्यावेत. पकडलेला झिंगा लगेच बर्फाच्या पाण्यात टाकून मारावा आणि नंतर वजनाइतक्या बर्फात भरावा. काठावर तासभर पडला तर डोक्यातील पाचक रसांनी मांस पिठूळ होते आणि तो दोष शिजवल्याशिवाय ग्राहकाला कळत नाही, पण पुढच्या वेळी तो येत नाही. म्हणून सामायिक पैशातून घ्यायची पहिली वस्तू शीतपेट्या आणि बर्फाची सोय असावी, गाडीचा क्रम त्यानंतर येतो. नागपूर हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर असल्याने बंगालच्या बाजारात माल पाठवणे शक्य आहे. तिथे या झिंग्याला गोलदा म्हणून मान आहे, मात्र त्यासाठी एकाच आकाराची मोठी खेप लागते आणि ती एका संस्थेकडे कधीच जमत नाही. निर्यातीची स्वप्ने तूर्त बाजूला ठेवावीत. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानसारखी बंदी असलेली प्रतिजैविके कोणीही, कोठेही वापरलेली नाहीत, हे नोंदींनिशी दाखवता येईपर्यंत त्या बाजाराचे दार उघडत नाही.

या सगळ्याला कोणते कायदेशीर रूप द्यावे? संस्थांची नोंदणी सहकार कायद्याखाली आधीच आहे आणि तलावांचे ठेके त्यांच्याच नावावर आहेत, ते हलवू नयेत. बियाणे व विक्री यांपुरता स्वतंत्र मत्स्य उत्पादक गट करता येतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशा गटांसाठी तरतूद आहे, आणि वैयक्तिक लाभाच्या घटकांत सर्वसाधारण लाभार्थ्यांना ४० टक्के तर अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान मिळते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतल्याने संगोपन तळ्यांच्या विजेचा आणि कर्जाचा प्रश्नही सुलभ होण्यास वाव आहे. तरीही अनुदानावर गणित बांधू नये. प्रत्येक संस्थेने पिल्लांच्या संख्येनुसार वर्गणी द्यावी, मत मात्र प्रत्येकी एकच असावे, नाहीतर मोठ्या जलाशयाची संस्था छोट्या तलावांवर आपले वेळापत्रक लादते. हिशेब महिन्यातून एकदा प्रत्येक संस्थेच्या फलकावर लागावा. बियाण्याची बाकी असलेल्या संस्थेला पुढच्या वर्षी बीज न देण्याचा नियम पहिल्याच वर्षी, आणि जवळच्या माणसाच्या बाबतीतही, पाळावा लागेल.

पहिल्या वर्षाचा आवाका लहान ठेवा. पाच किंवा सहा संस्था, एक संगोपन जागा आणि प्रत्येक संस्थेचा एकच तलाव पुरे. दिवाळीनंतर तलाव निवडून त्यांची खोली व पाण्याचे काठिण्य मोजा. काठिण्य लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर कात टाकण्यास अडचण येते आणि चुन्याचे नियोजन आधीच करावे लागते. जानेवारीत बीजाची मागणी आगाऊ रकमेसह नोंदवा, मार्चमध्ये बोड्या वाळवा, एप्रिलमध्ये शेतकऱ्यांची बैठक घ्या, मेच्या शेवटच्या आठवड्यात तपासलेले बीज आणा आणि जुलैत, तलावात निदान मीटरभर पाणी आल्यावरच, पिल्ले मोजून वाटा. अंदाजाने वाटू नका, कारण सोडलेली संख्या नक्की माहीत नसेल तर डिसेंबरात किती जगले हे कळत नाही, आणि ते कळले नाही तर दुसऱ्या वर्षी संस्था वाढवायच्या की नाही, यावर सभेत नुसते मतभेद होतात. पहिल्या वर्षी सहापैकी चार तलावांत सोडलेल्या पिल्लांपैकी निम्मी हाती लागली, तर दुसऱ्या वर्षी गोंदियाकडील संस्थांना बोलावण्यास हरकत नाही.